कापलेली पानं आणि उरीयाची बायको

आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, शंभर वर्षं पूर्ण होणार होती आणि स्मरणिकेत मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इतिहासात एम. ए. केलेली मंडळीत मी एकटीच, एवढंच त्यामागचं कारण. सेक्रेटरींनी कपाटाची किल्ली दिली. आत सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, बाप्तिस्म्याचं आणि दफनाचं नोंदपुस्तक, कीर्द, खतावणी आणि भरपूर कसर.

चौथ्या वहीत पानं कापलेली होती. फाडलेली असती तर कुणीतरी रागाच्या भरात फाडली असं म्हणता आलं असतं. ही ब्लेडनं कापली होती, शिवणीला लागून, पट्टी धरून, शांतपणे. पृष्ठक्रमांक हातानं घातलेले असल्यामुळे किती गेली ते कळत होतं : १४. त्याआधीच्या सभेत खजिनदार म्हणून एका माणसाचं नाव आहे, नंतरच्या सभेत दुसऱ्याचं. पहिला माणूस त्यानंतर वहीत कुठेच भेटत नाही. त्याच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे नोंदपुस्तकात आहेत. त्याचं दफन मात्र नाही.

मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर काकांना विचारलं. त्यांनी मला रविवारच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे अजूनही ते माझ्याशी त्याच सुरात बोलतात. "अगं, जाऊ दे ते. पैसे खाल्ले म्हणायचे त्यानं. तू हे लिही की शंभर वर्षं देवानं आपल्याला कसं चालवलं. उपकारस्तुतीचा दिवस आहे, पंचनामा कशाला?"

देवानं आपल्याला कसं चालवलं. उपासनेत हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी म्हटलंय, तेही मनापासून. पण टेबलावर वह्या उघडून, समोर कोरा कागद घेऊन बसले, तेव्हा हेच वाक्य लिहिता येईना. मी ते खोटं मानते असं नाही. ते इतिवृत्ताच्या कुठल्या पानावरून मिळतं, तेच मला सांगता येत नव्हतं. लेखाचं गाडं तिथे जे अडलं ते दोन महिने हललं नाही. त्या दोन महिन्यांत मी वह्यांपेक्षा इतर गोष्टीच जास्त वाचल्या, आणि हे लिखाण मुख्यतः त्या वाचनाबद्दल आहे.

ख्रिस्ती माणसाला इतिहासापासून पळ काढता येत नाही. मतांगीकार, म्हणजे उपासनेतली विश्वासाची कबुली, म्हणताना आपण देवबाप, आकाश आणि पृथ्वी अशा मोठमोठ्या शब्दांतून जात असतो आणि मध्येच एका रोमन अधिकाऱ्याचं नाव येतं, पंतय पिलात. एका प्रांताचा सुभेदार, इ. स. २६ ते ३६ एवढाच त्याचा कार्यकाळ. विश्वासाच्या कबुलीत त्याचं काय काम? काम एवढंच की तो तारीख आहे. 'फार फार वर्षांपूर्वी' म्हणायची सोय तो ठेवत नाही. १९६१ साली कैसरियाच्या रोमन नाट्यगृहाचं उत्खनन चालू असताना एका जिन्यात बसवलेला जुना दगड सापडला, त्यावर पिलाताचं नाव कोरलेलं होतं. ज्याचं नाव जगभरच्या मंडळ्या दर रविवारी घेतात, त्याच्या नावाचा दगड लोकांनी पायरीला वापरला होता.

बायबलमधला लूकही तसाच. त्याच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचताना मला नेहमी शोधनिबंधाची प्रस्तावना आठवते : पुष्कळांनी आधी लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलंय, मी मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहितोय. पुढे बाप्तिस्मा देणारा योहान रानात उपदेश करू लागला हे सांगायला तो तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष देतो, त्याच्या जोडीला पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, आणि वर दोन महायाजक. उंटाच्या केसांचं वस्त्र घालणाऱ्या एका माणसासाठी एवढा सरकारी लवाजमा!

मात्र तारीख दिली की तपासणीही आली. हाच लूक येशूचा जन्म क्विरीनिय या रोमन सुभेदाराच्या नावनिशीच्या, म्हणजे शिरगणतीच्या, वेळचा सांगतो. ती नावनिशी इ. स. ६ मधली. आणि हेरोद राजाच्या दिवसांतली गोष्ट असंही तोच सांगतो, तर हेरोद वारला इ. स. पू. ४ मध्ये. मध्ये नऊ-दहा वर्षांची फट उरते. ती बुजवायला भल्याभल्यांनी नाना तऱ्हेच्या खटपटी केल्यात. त्या मी वाचल्यात, आणि एकही मला पटलेली नाही. पहिल्या वर्षाला असताना याच मुद्द्यावरून वर्गात कुणीतरी मला छेडलं, तेव्हा मी घरी येऊन रडले होते. आज रडू येत नाही. आपण तपासू शकतो अशा जागी लूकनं स्वतःला उभं केलं, हेच मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि 'इसवी' या शब्दाचं तर काय सांगावं. तो ईसाचाच, म्हणजे येशूचाच. डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या भिक्षूनं इ. स. ५२५ मध्ये पुनरुत्थान सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, तारखांचं कोष्टक करताना ही गणना सुरू केली. तोवर चालू असलेली गणना रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या नावाची होती, आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याच्या नावानं वर्षं मोजायची त्याची इच्छा नव्हती. हेतू चांगला, गणित चुकलं. हेरोद जिवंत असताना येशू जन्मला असेल, तर तो इसवी सनापूर्वी चार-पाच वर्षं तरी जन्मला. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! जगाचं कॅलेंडर एका श्रद्धाळू माणसाच्या हिशोबाच्या चुकीवर चाललंय आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठात राहणाऱ्या बीडनं ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात हीच गणना वापरली आणि ती रूढ झाली. बीड मला फार आवडतो. चमत्कार तो सढळ हातानं सांगतो, पण कुठली गोष्ट कुणाकडून कळली हे प्रस्तावनेत नावानिशी देतो.

मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकारानं ख्रिस्ती धर्माला इतिहासकारांचा धर्म म्हटलंय. तो ज्यू घराण्यातला, स्वतः श्रद्धाळू नव्हे. जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा इतिहासाचा उपयोग काय या प्रश्नावर तो पुस्तक लिहीत होता. ते अर्धं राहिलं. प्रतिकाराच्या चळवळीत तो पकडला गेला आणि १६ जून १९४४ रोजी त्याला गोळ्या घातल्या. त्याचं ते अर्धं पुस्तक मी एम. ए.ला असताना वाचलं. प्रामाणिकपणा श्रद्धाळू माणसाची मिरासदारी नाही, हे मला कुठल्या उपदेशानं नव्हे, त्या पुस्तकानं शिकवलं.

काकांच्या वाक्याकडे परत येते. घटनांमध्ये देवाचा हात दाखवायचा मोह ख्रिस्ती इतिहासलेखनाला जन्मापासून आहे. इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्यानं रोम लुटलं. जुन्या देवांचे उपासक म्हणू लागले, देव सोडलेत म्हणून ही पाळी आली. त्याला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यानं ४१३ पासून लिहायला घेतलं आणि ४२६ पर्यंत लिहीत राहिला. २२ भागांचा 'देवाचं नगर' हा ग्रंथ झाला. दरम्यान ओरोसियस नावाचा तरुण पाळक त्याच्याकडे आला. त्यानं याच वादात सात भागांचा इतिहास लिहिला, आणि हिशोब अगदी चोख जुळवला : ख्रिस्ताआधी संकटं जास्त, नंतर कमी. मिसरातल्या पीडा दहा, म्हणून रोममधले छळही दहा, पीडेला पीडा जोडून.

परीक्षेत ओरोसियसलाच जास्त गुण पडले असते, इतकं ते नीटनेटकं आहे. ऑगस्टिननं मात्र आपल्या ग्रंथाच्या अठराव्या भागात, कुणाचं नाव न घेता, ही दहाला दहाची जुळणी मोडीत काढली. हे बुद्धीचे तर्क आहेत, संदेष्ट्याचं ज्ञान नव्हे, अशा अर्थाचं तो म्हणतो. त्याच्या लेखी देवाचं नगर आणि माणसांचं नगर शेवटच्या न्यायापर्यंत एकमेकांत मिसळलेलीच राहणार. गहू आणि निदण एकाच शेतात. संकट चांगल्यावरही येतं, वाईटावरही. कुणावर का आलं, याचा उलगडा इथे बसून व्हायचा नाही. म्हाताऱ्या ऑगस्टिनच्या अखेरच्या दिवसांत, ४३० मध्ये, त्याच्याच गावाला व्हॅन्डलांचा वेढा पडलेला होता.

खरं तर ऑगस्टिनपर्यंतही जायला नको. लूकच्या तेराव्या अध्यायात लोक येशूला ताजी बातमी सांगतात : पिलातानं काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच मारलं. त्यावर येशूच आणखी एक बातमी काढतो, शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती काय यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती? नाही, असं तो सरळ सांगतो. मग तोच प्रश्न ऐकणाऱ्यांवर उलटवतो : तुम्ही पश्चात्ताप करा. एक दुर्घटना राजकीय, एक बांधकामाची. दोन्हींचा अर्थ लावायला तो नकार देतो. पडलेल्या बुरुजाचा अर्थ मला कळला असं म्हणणाऱ्या ख्रिस्ती इतिहासकारानं आधी हा अध्याय ओलांडून दाखवावा.

तो न ओलांडता पुढे गेलं की काय होतं, तेही इतिहासातच आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मनीतल्या कितीतरी शिकल्यासवरल्या धर्मपंडितांना त्या घटनेत देवाचा हात दिसला. गटिंगेनचा इमानुएल हिर्श हा त्यांतला एक. हा माणूस चर्चच्या इतिहासाचा प्राध्यापक होता, मोठा व्यासंगी, अडाणी भगत नव्हे. मे १९३४ मध्ये बार्मेनला जमलेल्या पाळकांनी आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी जी घोषणा केली, तिचा पहिलाच मुद्दा असा की देवाच्या एका वचनाशेजारी इतर घटना, सत्ता, व्यक्ती यांना चर्च प्रकटीकरण मानणार नाही. हे वाक्य आधी मला कोरडं वाटायचं. आता वाटतं, इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं ते पाठ करायला हवं. चालू घटनेवर बोट ठेवून 'हा बघा देव' म्हणणाऱ्याला थांबवायची ती सोय आहे.

अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन यालाही ही भाषा सहज वापरता आली असती. ४ मार्च १८६५. यादवी युद्ध जिंकत आलेलं, समोर आपलेच लोक. तो म्हणाला, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या होणं शक्य नव्हतं, आणि पूर्णपणे तर कुणाचीच झाली नाही. सर्वसमर्थाचे हेतू त्याचे स्वतःचे आहेत. हा माणूस कधी कुठल्या चर्चचा सभासद झाला नाही. आमच्या सभासदत्वाच्या नोंदपुस्तकात त्याला जागा मिळाली नसती.

मग लेखात देव घालायचाच नाही? एका मैत्रिणीनं, तिनंही माझ्याबरोबर एम. ए. केलंय, हे अगदी रोखठोक विचारलं. "पुरावा तू माझ्यासारखाच तपासणार, कारणं माझ्यासारखीच देणार. मग तुझ्या श्रद्धेनं नेमकं काय केलं?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. घरी आल्यावर खरं उत्तर शोधत राहिले, आणि ते मला अगदी आडबाजूला सापडलं.

मराठी बायबलमध्ये एका पुस्तकाचं नावच 'इतिहास' आहे, पहिला आणि दुसरा. शमुवेल आणि राजे या पुस्तकांतलाच बराचसा मजकूर त्यात पुन्हा येतो, पण निवडून. दावीद राजाची गोष्ट दोन्हीकडे आहे. दुसऱ्या शमुवेलच्या अकराव्या अध्यायात राजे युद्धावर निघतात तो ऋतू येतो, दावीद सेनापती यवाबाला पाठवतो आणि स्वतः यरुशलेमेत राहतो. मग गच्ची, बथशेबा, तिचा नवरा उरीया, त्याच्याच हाती दिलेलं त्याच्या मरणाचं पत्र, दावीदाला त्याचं पाप दाखवणारी नाथान संदेष्ट्याची गोष्ट. आता पहिल्या इतिहासाचा विसावा अध्याय उघडा. तोच ऋतू, यवाब निघतो, दावीद यरुशलेमेत राहतो, आणि लगेच शहर पडतं, दावीदाच्या डोक्यावर मुकुट चढतो. मधलं काहीच नाही. बथशेबा नाही, उरीयाचा खून नाही. उरीया त्याच पुस्तकात दावीदाच्या शूर वीरांच्या यादीत सापडतो, पण तो मेला कसा, ते त्या पुस्तकाला ठाऊक नाही.

पट्टी धरून, शिवणीला लागून.

मला हसू आलं, मग जरा भीती वाटली. आमच्या भाषेत ज्याला 'इतिहास' असं नाव दिलंय, तेच पुस्तक पानं गाळतं! इतिहासकर्त्यावर फार तुटून पडू नये, हेही खरं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या, खचलेल्या लोकांसाठी तो मंदिराची आणि उपासनेची आठवण पुन्हा उभी करत होता. आमच्या काकांचंही तेच म्हणणं होतं, उपकारस्तुतीचा दिवस आहे. पण बायबल बांधणाऱ्यांनी इतिहास घेतला म्हणून शमुवेल बाहेर काढला नाही. दोन्ही ठेवले. आणि पुढे मत्तयनं येशूची वंशावळ देताना पहिल्याच अध्यायात लिहून टाकलं की दावीदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून. बथशेबा हे नाव त्यानं घेतलं नाही. मेलेल्या नवऱ्याचं घेतलं. तारणाऱ्याच्या वंशावळीत, जिथे कुठलंही कुळ आपली उजळ बाजू दाखवेल तिथे, दावीदानं मारलेला माणूस नावानिशी उभा आहे.

कैसरियाचा युसेबियस हा चर्चचा पहिला मोठा इतिहासकार. त्यानं जुनी पत्रं, फर्मानं अक्षरशः उतरून घेतली म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात. त्याचं हे ऋण कुणीही नाकारणार नाही. आपल्या इतिहासात त्यानं सम्राट कॉन्स्टन्टाइनचा मुलगा क्रिस्पस याची तोंड भरून स्तुती केली. ३२६ मध्ये कॉन्स्टन्टाइननं क्रिस्पसला ठार करवलं. पुढे सम्राटाचं चरित्र लिहिताना युसेबियस उरलेल्या तीन मुलांची त्रैक्याशी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याशी, तुलना करतो. क्रिस्पसचं नाव त्यात नाही. उरीया काय किंवा क्रिस्पस काय, असल्या माणसांची मोठी अडचण असते. त्यांना गाळल्याशिवाय राजा नीट दिसत नाही.

याच परंपरेत उलट वागणारेही पुष्कळ झाले. पोपला रोमचं राज्य देणारं कॉन्स्टन्टाइनचं म्हणून मिरवलं जाणारं दानपत्र बनावट आहे, हे १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानानं त्यातल्या लॅटिनवरून दाखवलं. वाल्ला तेव्हा पोपशी भांडत असलेल्या राजाच्या चाकरीत होता, तेव्हा त्याचा हेतू अगदी सोवळा होता असं मी म्हणणार नाही. मला जास्त जवळची वाटते ती पापेब्रोक आणि माबिलाँ यांची हकिकत. पापेब्रोक हा जेसुइट, संतांच्या चरित्रांतलं खरं-खोटं निवडण्यात हयात घालवणारा. त्यानं १६७५ मध्ये बेनेडिक्टाइन मठांतल्या जुन्या सनदांवर संशय घेतला. म्हणजे दुसऱ्या संघाच्या अब्रूवर आणि मालमत्तेवर, दोन्हींवर घाव. पॅरिसचा माबिलाँ हा त्या मठवासीयांपैकी. तो सहा वर्षं शाई, अक्षरवळणं, शिक्के, तारखा लिहायच्या पद्धती तपासत बसला आणि १६८१ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. जुनी कागदपत्रं खरी की खोटी हे पाहण्याचं शास्त्र तिथून सुरू झालं. पापेब्रोकनं तो वाचला आणि माबिलाँला पत्र लिहिलं. आधी वाईट वाटलं, कारण तुम्ही मला बोलायला जागाच ठेवली नाहीत. मग ग्रंथाच्या सौंदर्यानं ते वाईट वाटणं पुसून टाकलं, असा त्या पत्राचा आशय. आपण खोडले गेलो म्हणून आनंदून पत्र लिहिणारा विद्वान तुम्ही पाहिलाय? मी नाही. या पापेब्रोकचे ग्रंथ पुढे १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयानं निषिद्ध ठरवले, कारण आमचा संघ एलिया संदेष्ट्यानं स्थापला हा कार्मेलाइटांचा दावा त्यानं मान्य केला नव्हता.

इंग्रज इतिहासकार लॉर्ड ॲक्टनचं सत्ता माणसाला भ्रष्ट करते हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. पण १८८७ मधलं ते पत्र कशाबद्दल होतं? पोपांबद्दल. क्रायटन या अँग्लिकन पाळकानं पोपसत्तेच्या इतिहासात पोपांना सांभाळून घेतलं होतं, आणि कॅथलिक ॲक्टन त्याच्यावर चिडला होता. खुनाला खून म्हणा, मग करणारा आमचा का असेना. मला ॲक्टन जरा कडक वाटतो, दयेला फारशी जागा न ठेवणारा. पण तो स्वतःच्या घरातल्या माणसांवर कडक होता, हे विसरता येत नाही.

या सगळ्यांत मला उत्तर दिलं ते बार्तोलोमे दे लास कासासनं. १५०२ मध्ये तो अमेरिकेकडच्या बेटांवर आला, इतर स्पॅनिशांसारखाच तिथले मूळ रहिवासी राबवून मिळकत करू लागला, पाळक झाल्यावरही. १५१४ मध्ये उपदेशाची तयारी करताना बेनसिरा या प्राचीन यहुदी ज्ञान्याच्या ग्रंथातला एक भाग त्याच्या वाचनात आला : गरिबाची भाकर हिरावणारा खुनी होय. त्यानं आपली माणसं सोडून दिली आणि उरलेलं आयुष्य या लोकांच्या बाजूनं भांडण्यात घातलं. पण मध्येच त्यानं एक भयंकर सूचना केली होती : इथल्या लोकांवरचा भार हलका करायला आफ्रिकेतून गुलाम आणावेत. पुढे पोर्तुगीज त्यांना कसे पकडतात हे कळल्यावर तो हादरला. आपल्या मोठ्या इतिहासात त्यानं हे सगळं लिहिलं. स्वतःला तिसरा माणूस करून लिहिलं, 'तो पाळक कासास' असं. त्या पाळकाला आपल्या सल्ल्याचा पस्तावा झाला, आणि आपलं अज्ञान व सदिच्छा देवाच्या न्यायासमोर निमित्त म्हणून चालतील की नाही याची त्याला खात्री नव्हती, असं तो लिहितो. हस्तलिखित त्यानं मठाच्या स्वाधीन केलं आणि चाळीस वर्षं छापू नका असं सांगितलं. छापलं गेलं १८७५ मध्ये.

खात्री नव्हती, या शब्दांपाशी मी खूप वेळ थांबले. वाचकांनी काय म्हणावं याची त्याला फिकीर नव्हती. वाचक त्याला मिळालेही तीनशे वर्षांनी. ज्यांच्या वाट्याला त्याची सूचना आली, ती माणसं न्यायाच्या दिवशी समोर उभी राहणार, असं त्याला अक्षरशः वाटत होतं.

मैत्रिणीला मी नंतर फोनवर हेच सांगितलं. कारणं मी तुझ्यासारखीच देईन. बुरूज का पडला, तर पाया कच्चा होता म्हणूनच. देवानं काय केलं हे मला वहीतून वाचता येत नाही आणि वाचता येतं असं दाखवणाऱ्यांची मला भीती वाटते. पण देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे, असं लूकच्या विसाव्या अध्यायात येशू म्हणतो आणि ते मी खरं मानते. तू मेलेल्या माणसांबद्दल लिहितेस. मी लिहिते ती माणसं मला भेटायची आहेत. त्यांना मी काय म्हटलं, काय गाळलं, कुणाच्या सांगण्यावरून चोर ठरवलं, हे त्यांच्यासमोर बोलायची वेळ येणार आहे. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भारीच अवघड धंदा आहे तुझा." तिला पटलं असं नाही. पण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कीर्द काढली. इतिवृत्ताची पानं कापणाऱ्याला कीर्द आठवली नव्हती, किंवा ती दुसऱ्या कपाटात असेल. त्या वर्षाच्या जमाखर्चाच्या बेरजा मी तीन दिवस करत होते, पै-पैचा हिशोब. माझं गणित कच्चं म्हणून शेजारच्या मुलीलाही बसवलं. बेरजा जुळल्या. सभेच्या आधीही जुळत होत्या, नंतरही. याचा अर्थ तो निर्दोष असा होत नाही. जमाच न केलेले पैसे कीर्दीत दिसत नाहीत. खोटी कीर्द लिहिणारेही असतात. पण त्याच्याविरुद्ध माझ्या हाती ऐकीव गोष्टीपलीकडे काहीच नव्हतं, आणि त्याच्या बाजूनं निदान बेरजा होत्या.

लेखात मी चार वाक्यं घातली. अमुक साली चौथ्या इतिवृत्त-वहीतली १४ पानं कापली गेली आहेत. त्यानंतर खजिनदार बदलले. आधीच्या खजिनदारांचं नाव पुढे मंडळीच्या कागदपत्रांत आढळत नाही. त्या वर्षाच्या कीर्दीत तूट दिसत नाही. पहिल्या मसुद्यात मी पाचवंही वाक्य लिहिलं होतं, त्यांच्यावर अन्याय झाला असावा असं. ते खोडलं. कापणाऱ्यालाही मला भेटायचंय, आणि त्याची बाजू मला माहीत नाही.

काकांकडे मसुदा घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, त्या चार वाक्यांपाशी बोट ठेवून पुन्हा वाचला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "त्याची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. एका रविवारनंतर यायची बंद झाली. आम्ही पोरांनी विचारलं, तर मोठ्यांनी दटावलं." मग कागदांची घडी करत, "हे गाळ म्हणणार होतो मी तुला." गाळ म्हणाले नाहीत. ठेव असंही म्हणाले नाहीत. कागद परत दिले आणि चहा मागवला.

पुढे पंचमंडळात या वाक्यांवर तासभर चर्चा झाली म्हणे. मला बोलावलं नव्हतं. 'देवानं चालवलं' हे शीर्षक द्यावं असं ठरलं, मीही हरकत घेतली नाही. ते आमच्या उपासनेचं वाक्य आहे, आणि शीर्षक म्हणून ते प्रार्थनेसारखं वाचता येतं. मजकूर होता तसा राहिला.

छापखान्यातून मुद्रितं आली तेव्हा त्या माणसाच्या आडनावातला एक अनुस्वार गळला होता. मी बाप्तिस्म्याच्या पुस्तकातल्या तिन्ही नोंदींशी नाव ताडून पाहिलं, लाल पेननं अनुस्वार दिला आणि पानं परत पाठवली.